हाताने चालवली तर पीडीएफ नीट, रात्री आपोआप झाली तर चौकोन

चोपडा तालुक्यातल्या एका केळीच्या काट्यावर रोजच्या हिशोबपट्ट्या काढून द्यायचं काम माझ्याकडे आहे. दिवसभर ट्रॅक्टर येतात, तोल होतो, आकडे सीएसव्ही फाइलीत (स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या यादीत) जातात. रात्री नऊ वाजता एक लहानशी पायथन स्क्रिप्ट त्या फाइलीवरून प्रत्येक शेतकऱ्याची एचटीएमएल पट्टी बनवते, कमांड लाइनवरच तिची पीडीएफ होते आणि सकाळी ती ज्याच्या त्याच्या व्हॉट्सॲपवर जाते.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक आप्पा सकाळीच काट्यावर आले, मोबाइल माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, “भो, हाई काय शे? मन्हं नाव कोठे गयं?” पट्टीवर वजन होतं, भाव होता, रक्कम बरोबर होती. नावाच्या जागी मात्र रिकामे चौकोन होते. गावाच्या नावाचेही चौकोन, ‘एकूण’चेही चौकोन. आकडे इंग्रजी अंकांत छापलेले असल्यामुळे तेवढेच वाचले होते. म्हणूनच आधीच्या दोन दिवसांत कुणाच्या लक्षात आलं नसावं. माणूस पट्टी उघडतो तो आधी रक्कम बघायला.

मी तिथेच लॅपटॉप उघडून स्क्रिप्ट हाताने चालवली. पट्टी अगदी स्वच्छ आली. ती आप्पांना पाठवली आणि विषय संपला असं धरलं. दहा दिवसांनी पुन्हा चौकोन. पुन्हा हाताने चालवली, पुन्हा स्वच्छ. तिसऱ्यांदा झालं तेव्हा काटा बंद झाल्यावर रात्री बसून मुळापर्यंत गेलो. तेव्हा जे सापडलं ते इथे लिहितोय. कारण जळगाव, धुळे, नंदुरबारकडे दूध संकलन, जिनिंग, पतपेढी, बाजार समितीची कामं करणारी बरीच मुलं असाच सगळा पसारा चालवतात आणि याच जागी अडकतात.

आज्ञांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांतच टाकायची.

आधी पट्टी नीट बघा

“मराठी बिघडतंय” एवढं म्हणून भागत नाही. मराठी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी बिघडतं, तिघांची कारणं वेगळी आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. मीही आधी हीच चूक केली: चौकोन दिसत होते आणि मी एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत, तपासत बसलो.

चौकोन दिसत असतील तर मजकूर ठीक आहे. यंत्राला कळलंय की हे ‘श’ आहे, पण ते काढायला त्याच्याकडे फॉन्ट नाही. हा फॉन्टचा आजार.

चौकोनांऐवजी परकी अक्षरांची लांबलचक रांग दिसत असेल, डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए पुन्हा पुन्हा येत असेल, मधूनमधून जपानी येनचं चिन्हही डोकावत असेल, तर फॉन्टला हात लावू नका. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि त्यातला पहिला बाइट प्रत्येक वेळी तोच असतो. वाचणाऱ्या प्रोग्रामने ते तीन बाइट म्हणजे युरोपीय लिपीची तीन सुटी अक्षरं आहेत असं धरलं की ही रांग उभी राहते. एचटीएमएलच्या डोक्यात मेटा चारसेट यूटीएफ-८ लिहिलंय का ते बघा. ते फाइलीच्या पहिल्या १०२४ बाइटांतच असायला हवं, हाही नियम आहे. वर मोठी स्टाइलशीट कोंबली आणि मेटा खाली ढकलला गेला तर लिहून न लिहिल्यासारखं होतं. बहुतेक वेळा घोळ असा होतो की स्क्रिप्ट अख्खं पान न बनवता नुसतं टेबल बनवते, त्याला डोकंच नसतं. ब्राउझर अंदाजाने सांभाळून घेतो, पीडीएफ करणारं साधन घेईलच असं नाही.

तिसरी तऱ्हा फसवी. अक्षरं मराठीच असतात, पण वेलांटी चुकीच्या बाजूला बसते, जोडाक्षरं सुटून मध्ये हलन्त दिसतो. आमच्या पट्टीवरचा ‘किलो’ घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, क आधी साठवला जातो आणि ऱ्हस्व वेलांटी नंतर. काढताना मात्र ती वेलांटी क च्या डावीकडे न्यावी लागते. ही हलवाहलव करण्याला शेपिंग म्हणतात. ज्या साधनात ती सोय नाही ते साठवलेल्या क्रमानेच काढून मोकळं होतं. डॉमपीडीएफ किंवा एक्सएचटीएमएलटूपीडीएफ यांनी काढलेल्या मराठी पीडीएफ अशाच दिसतात. तिथे कितीही फॉन्ट बदलले तरी काही होणार नाही, साधनच बदलावं लागतं.

आणखी एक प्रकार जुन्या फाइलींत सापडतो. मजकूर श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख अशा जुन्या फॉन्टात टाइप केलेला असतो. तो मुळात युनिकोड नसतोच. रोमन अक्षरांवर मराठी आकार चढवलेले असतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, मग बाकीचं.

चौकोन पुन्हा पुन्हा का येतात

आता आमच्या पट्टीकडे. चौकोन म्हणजे फॉन्ट नाही, इथवर कळलं. पण फॉन्ट तर मी घातला होता. नोटो सान्स देवनागरीची फाइल उतरवून, तिच्यावर दोनदा क्लिक करून, इन्स्टॉल दाबलं होतं. लिबरऑफिसमध्ये तो दिसतही होता.

गोम इथेच होती. दोनदा क्लिक करून घातलेला फॉन्ट लिनक्सवर सहसा तुमच्या घरच्या फोल्डरात जातो, ~/.लोकल/शेअर/फॉन्ट्स इथे. तो फक्त तुम्हाला दिसतो. रात्रीचं काम मी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणारी लिनक्सची सोय) रूटच्या, म्हणजे यंत्राच्या मुख्य वापरकर्त्याच्या, नावावर लावलं होतं. रूटचं घर वेगळं, त्याच्या घरात फॉन्ट नाही. मी सकाळी हाताने चालवायचो ते माझ्या नावावर, म्हणून नीट. रात्री नऊला चालायचं ते रूटच्या नावावर, म्हणून चौकोन. स्क्रिप्ट तीच, यंत्र तेच, फाइल तीच. चालवणारा वेगळा.

मग ‘कधी नीट, कधी चौकोन’ का? कारण हंगाम जोरात असला की नोंदी उशिरापर्यंत चालायच्या, क्रॉनची वेळ हुकायची आणि त्या दिवशी पट्ट्या मीच हाताने काढायचो. म्हणजे बिघाड रोजचाच होता, फक्त माझ्या हाताने तो मधूनमधून झाकला जात होता. हे उमगायला मला तीन फेऱ्या लागल्या.

म्हणून पहिली तपासणी ही करा, आणि ज्याच्या नावावर काम चालतं त्याच्याच नावावर करा. समजा त्या वापरकर्त्याचं नाव पट्टी आहे:

सुडो -एच -यू पट्टी एफसी-लिस्ट :लँग=एमआर

एमआर म्हणजे मराठी. या आज्ञेने मराठी काढू शकणाऱ्या फॉन्टांची यादी येते. काहीच आलं नाही तर निदान पक्कं. वेबसर्व्हरमधून पीडीएफ होत असेल तर पट्टीच्या जागी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा टाका. -एच विसरू नका. ते नसलं तर उबुंटूच्या जुन्या आवृत्त्यांवर सुडो तुमचंच घर धरून चालतं, तुमचेच फॉन्ट दाखवतं, आणि सगळं ठीक आहे असं समजून तुम्ही झोपायला जाता.

इथे एफसी-मॅच वापरू नका. त्याला काहीही विचारा, ते काही ना काही उत्तर देतंच. मंगल हा फॉन्ट आहे का विचारलं आणि मंगल नसला तरी ते कुरकूर न करता डेजाव्हू सान्सचं नाव पुढे करतं, आणि डेजाव्हू सान्समध्ये देवनागरी नाही.

कायमचा उपाय म्हणजे फॉन्ट सगळ्यांसाठी घालणं. डेबियन किंवा उबुंटूवर:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल फॉन्ट्स-नोटो-कोर

यात नोटोचा देवनागरी सान्स आणि सेरिफ दोन्ही येतात. लोहित हवा असेल तर फॉन्ट्स-लोहित-देवा. स्वतःकडचा फॉन्ट घालायचा असेल तर तो /यूएसआर/लोकल/शेअर/फॉन्ट्स मध्ये ठेवा आणि एफसी-कॅश -एफ -व्ही चालवा. मग त्या फाइलीची परवानगी बघा. रूटने कॉपी केलेली फाइल कधी कधी फक्त रूटलाच वाचता येते. ६४४ केली की सगळ्यांना वाचता येते. ही बाब छोटी आहे, पण फॉन्ट जागेवर असूनही चौकोन येतात तेव्हा बऱ्याचदा हीच निघते.

फॉन्ट घातल्यावर पीडीएफ डोळ्यांनी बघून समाधान मानू नका. तुमच्या यंत्रावर फॉन्ट आहे म्हणून तुम्हाला नीट दिसेल, शेतकऱ्याच्या मोबाइलवर दिसेलच असं नाही. पॉपलर-यूटिल्स या पॅकेजातली ही आज्ञा चालवा:

पीडीएफफॉन्ट्स पट्टी.पीडीएफ

यात पीडीएफमध्ये कोणते फॉन्ट आहेत त्याची यादी येते. नावाआधी सहा रोमन अक्षरं आणि अधिकचं चिन्ह असतं, त्याने घाबरू नका. फॉन्टचा लागेल तेवढाच तुकडा भरलाय असा त्याचा अर्थ. ‘ईएमबी’ या रकान्यात येस हवं, म्हणजे फॉन्ट पीडीएफच्या पोटात आहे. यादीत देवनागरी असलेलं एकही नाव नसेल आणि नुसता डेजाव्हू किंवा लिबरेशन असेल तर पट्टी उघडून बघायचीही गरज नाही.

पुढे हा प्रकार फिरून आला तो यंत्र बदललं तेव्हा. काट्यावरचा जुना संगणक उन्हाळ्यात बसला, नव्यावर उबुंटू टाकलं, स्क्रिप्ट कॉपी केली आणि फॉन्ट घालायचं राहिलं. त्यानंतर आला तो भाड्याच्या सर्व्हरवर, डॉकरच्या डब्यात. डॉकर म्हणजे प्रोग्राम त्याच्या सगळ्या पसाऱ्यासकट वेगळ्या बंद डब्यात चालवायची सोय. डॉकरच्या लहान आकाराच्या इमेजमध्ये फॉन्ट नसतातच, मराठीचं सोडा, इंग्रजीचेही नसतात. बाहेरच्या यंत्रावर घातलेले फॉन्ट आत दिसत नाहीत. म्हणून फॉन्ट घालायची ओळ डॉकरफाइलमध्येच, म्हणजे डबा ज्या फाइलीवरून बांधला जातो तिच्यातच, लिहा. आत शिरून हाताने घातलेला फॉन्ट पुढच्या वेळी डबा नव्याने बांधला की गेलाच.

आणि एक सवय मोडा: एचटीएमएलमध्ये गूगल फॉन्ट्सचा दुवा टाकून निर्धास्त राहणं. आमच्याकडे वीज गेली की टॉवरही मान टाकतो. रात्री नऊला नेट नसलं की फॉन्ट उतरत नाही, पण पीडीएफ होते, आणि होते ती चौकोनांची. नेट आलं की पुन्हा नीट. मग माणूस आठवडाभर भलतीकडेच शोधत राहतो. फॉन्टची फाइल स्क्रिप्टच्या शेजारी ठेवा आणि स्टाइलशीटच्या ॲट-फॉन्ट-फेसमध्ये तिचाच पत्ता द्या.

‘शेतकऱ्याचे नाव’ मधला ऱ्य

फॉन्ट बसल्यावर आमच्या पट्टीवर एक वेगळीच खोट उरली, आणि ती मला चौकोनांपेक्षा जास्त खुपली. वरच्या ओळीत ‘शेतकऱ्याचे नाव’ असं छापायचं होतं, छापलं जात होतं ‘शेतकर्याचे नाव’. आचार्य, कार्य मध्ये असतो तसा रफार डोक्यावर. खाली ‘व्यापाऱ्याची सही’ चीही तीच गत. हिंदीत तो पापणीसारखा आडवा र नाही, म्हणून बाहेरच्या लोकांना यात काही चुकलंय हेही कळत नाही. आपल्याला कळतं. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ मध्ये समुद्र आणि डोंगरातल्या घळी एवढा फरक आहे, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना तो वेगळा सांगावा लागत नाही.

कारण असं निघालं. हा आडवा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. दुसरी तऱ्हा म्हणजे युनिकोडमधला स्वतंत्र नुक्तावाला ऱ, ज्याचा क्रमांक ०९३१, आणि त्याला हलन्त. दिसायला दोन्ही सारखेच. माझ्या स्क्रिप्टमध्ये नावांतल्या फालतू मोकळ्या जागा आणि न दिसणारी चिन्हं काढून टाकणारी एक ओळ होती. तिने झेडडब्ल्यूजे गिळला. उरला साधा र, हलन्त आणि य, आणि त्याचा रफार होणं हे नियमाला धरूनच आहे. पीडीएफ साधनाचा यात काही दोष नव्हता.

उपाय दोन. साफसफाईच्या ओळीतून झेडडब्ल्यूजे वगळा. आणि साच्यातले ठरलेले शब्द ०९३१ वाल्या ऱ ने लिहा, म्हणजे पुढे कुणी साफसफाई केली तरी तुटणार नाहीत. मोबाइलच्या वेगवेगळ्या कीबोर्डवरून आलेल्या नावांत दोन्ही तऱ्हा मिसळलेल्या असतात. त्यामुळे ‘पाटकऱ्यांचे शेत’ असं शोधलं तर निम्म्या नोंदी सापडत नाहीत. साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे असा क्रम दिसला की तिथे नुक्तावाला ऱ आणि हलन्त बसवायचा, एवढी एकच बदली नोंद साठवतानाच केली की हाही त्रास जातो.

याच ओघात एचटीएमएलच्या सुरुवातीला लँग बरोबर एमआर लिहायला विसरू नका. मराठी ल आणि श ची वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. ज्या फॉन्टात दोन्ही रूपं भरलेली असतात तो ही खूण बघून मराठी रूप काढतो. खूण नसेल तर हिंदी वळणाचा ल छापला जातो. वाचता येतो, पण पट्टी परक्या गावची वाटते.

क्रॉनच्या बारीक खोडी

चालवणारा वेगळा असला की नुसते फॉन्ट बदलत नाहीत, सगळं अंगणच बदलतं. क्रॉनला प्रोग्राम शोधायच्या जागा फार थोड्या माहीत असतात, बहुतेक /यूएसआर/बिन आणि /बिन एवढ्याच. डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफचं त्यांच्या स्थळावरून घेतलेलं पॅकेज /यूएसआर/लोकल/बिन मध्ये बसतं, म्हणून हाताने चालतं आणि क्रॉनमध्ये ‘सापडलं नाही’ होतं. पूर्ण पत्ता लिहा. चित्राचा, स्टाइलशीटचा, फाइलीचा, सगळ्यांचा पूर्ण पत्ता.

क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह असेल तर तिथे आज्ञा संपते. फाइलीच्या नावात आजची तारीख घालायला आपण डेटच्या आज्ञेत टक्का वापरतोच, आणि नेमकी तिथेच ओळ तुटते. टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ द्या, नाहीतर सगळी आज्ञा एका शेल फाइलीत ठेवून क्रॉनमध्ये फक्त त्या फाइलीचं नाव लिहा. मी दुसरं करतो.

पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं प्रत्येक वेळी स्पष्ट लिहा. क्रॉनमध्ये लँग हा बदलू घटक सेट नसतो, आणि जुनं पायथन अशा वेळी सगळं आस्की (नुसती इंग्रजी अक्षरं) आहे असं धरून पहिल्याच मराठी अक्षरावर कोसळतं. ३.७ पासून ही अडचण बरीच कमी झाली आहे.

रकमेतल्या स्वल्पविरामांचंही असंच. पायथनची नेहमीची मांडणी दीड लाखाला १५०,००० असं लिहिते. शेतकरी ते वाचताना अडखळतो, त्याला १,५०,००० हवं. हे लोकेलवर, म्हणजे यंत्रावरच्या भाषा-देशाच्या मांडणीवर, सोडलं तर क्रॉनमध्ये लोकेल नसल्याने पुन्हा तोच प्रकार. मी हजार, लाख, कोटीच्या जागी स्वल्पविराम टाकणारं चार ओळींचं फंक्शन लिहून टाकलं.

साधन कोणतं घ्यावं

माझा कल वीझीप्रिंटकडे आहे. ते शेपिंगसाठी पँगो आणि हार्फबझ वापरतं, त्यामुळे वेलांट्या, जोडाक्षरं, ऱ्य सगळं नीट बसतं. स्टाइलशीटच्या ॲट-पेजमध्ये कागदाचा आकार, समास, पानाचा क्रमांक मनासारखा सांगता येतो. जावास्क्रिप्ट मात्र त्याला कळत नाही, आणि फार लांब टेबल असलं की ते हळू चालतं. आमची पट्टी एका पानाची, म्हणून अडचण नाही. एचटीएमएल फाइल न देता थेट पाइपने मजकूर दिलात तर चित्रांचे अर्धे पत्ते त्याला लागत नाहीत. -यू ने मूळ फोल्डर सांगा.

पानात जावास्क्रिप्टने काढलेला आलेख किंवा क्यूआर कोड असेल तर क्रोमियमला (क्रोम ब्राउझरची मुक्त आवृत्ती) पर्याय नाही. २०१७ साली ५९ व्या आवृत्तीपासून क्रोम खिडकी न उघडता चालतं:

क्रोमियम --हेडलेस --नो-पीडीएफ-हेडर-फूटर --प्रिंट-टू-पीडीएफ=पट्टी.पीडीएफ पट्टी.एचटीएमएल

मधला पर्याय गाळलात तर पट्टीच्या डोक्यावर तारीख आणि तळाला तुमच्या फोल्डरचा अख्खा पत्ता छापला जातो. रूटच्या नावावर चालवलं तर ते सँडबॉक्सच्या (ब्राउझरला बाकी यंत्रापासून वेगळं ठेवणारं कुंपण) कारणाने नकार देतं. तेव्हा सँडबॉक्स बंद करण्यापेक्षा पट्ट्यांसाठी वेगळा वापरकर्ता बनवा, तसंही रूटची इथे काही गरज नाही. उबुंटूवरचं क्रोमियम स्नॅप पॅकेज असतं आणि त्याची टेम्प फोल्डर स्वतःची, बंद दाराआडची असते. पीडीएफ /टेम्पमध्ये लिहिली असं ते सांगतं आणि तिथे फाइल नसते. घरातल्या साध्या फोल्डरात लिहा. नावाआधी टिंब असलेलं लपलेलं फोल्डरही चालत नाही.

डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ अजून पुष्कळ ठिकाणी चालू आहे आणि जुन्या साच्यांना त्याने वर्षानुवर्षं सांभाळलं आहे. पण त्याची शेवटची आवृत्ती ०.१२.६ ही २०२० सालची, आणि २०२३ मध्ये प्रकल्पच बंद करून ठेवला गेला. आतलं वेबकिट फार जुनं असल्यामुळे सीएसएस ग्रिड वगैरे त्याला ठाऊक नाही. ते सोडवत नसेल तर एवढं लक्षात ठेवा: ०.१२.६ पासून यंत्रावरच्या फाइली वाचायला त्याला मनाई असते. लोगो अचानक गायब झाला तर --एनेबल-लोकल-फाइल-ॲक्सेस द्या. आणि उबुंटूच्या भांडारातून आलेल्या प्रतीत पानाचं डोकं-तळ छापायची सोय नसते. तुमच्याकडे चाललेली आज्ञा मित्राकडे चालत नाही ती बहुधा याच कारणाने.

लिबरऑफिसनेही एचटीएमएलची पीडीएफ होते, पण त्याची खिडकी आधीच उघडी असली की मागची आज्ञा काहीच न करता परत येऊ शकते. पँडॉक (फाइलींचा प्रकार बदलणारं साधन) वापरणार असाल तर त्याचं इंजिन बदला. नेहमीचं पीडीएफलाटेक देवनागरी काढत नाही. झीलाटेक किंवा वीझीप्रिंट द्या.

कागदाचं एकच. क्रोमला काही सांगितलं नाही तर ते अमेरिकी लेटर आकार धरतं, २१६ गुणिले २७९ मिलिमीटर. आपला ए४ २१० गुणिले २९७ असतो. लेटर १८ मिलिमीटरने बुटका, म्हणून सहीची ओळ दुसऱ्या पानावर ढकलली जाते, आणि ६ मिलिमीटरने रुंद, म्हणून ए४ वर छापताना उजवीकडची रक्कम कापली जाऊ शकते. स्टाइलशीटमध्ये ॲट-पेजला साइझ ए४ लिहिलं की मिटलं. टेबल लांब असेल तर शीर्षकाची ओळ टीहेडमध्ये ठेवा म्हणजे ती प्रत्येक पानावर येते, आणि टीआरला ब्रेक-इनसाइड अव्हॉइड द्या म्हणजे एका शेतकऱ्याची ओळ दोन पानांत फाटणार नाही.

पीडीएफमधला मराठी मजकूर कॉपी करून पुन्हा वापरता येईल अशा भरवशावर मात्र राहू नका. पीडीएफमध्ये अक्षरं नसतात, त्यांचे आकार असतात. आकारांवरून परत अक्षरं काढताना वेलांट्या इकडच्या तिकडे होतात. पीडीएफटूटेक्स्ट चालवून स्वतः बघा. हिशोबाची खरी नोंद सीएसव्हीत राहू द्या, पीडीएफ वाचण्यापुरती.

आता आमच्याकडे काय लावलंय

शेल फाइलीच्या सुरुवातीला एफसी-लिस्टच्या ओळी मोजतो. शून्य आल्या तर काम तिथेच थांबतं आणि मला संदेश येतो. पट्ट्या झाल्या की प्रत्येक पीडीएफवर पीडीएफफॉन्ट्स चालतं आणि यादीत देवनागरी हा शब्द शोधला जातो. नसेल तर ती पट्टी ‘अडकलेल्या’ नावाच्या फोल्डरात जाते, शेतकऱ्याकडे जात नाही. दोनशे पट्ट्यांना मिळून काही सेकंद लागतात. साच्यात मी मुद्दाम एक चाचणी पट्टीही ठेवली आहे, तिच्यावर ‘किलो’, ‘शेतकऱ्याचे’, ‘अॅडव्हान्स’, ‘ज्ञानेश्वर’ आणि ‘ळ’ असलेलं एक गाव. रोज सगळ्यात आधी तीच निघते आणि माझ्या मोबाइलवर येते. वेलांट्या-जोडाक्षरांची चूक यंत्राला पकडता येत नाही, ती डोळ्यांनीच बघावी लागते.

मागच्या महिन्यात सर्व्हरवरचा डबा नव्याने बांधताना डॉकरफाइलमधली फॉन्टची ओळ एका मुलाच्या हातून पुसली गेली. रात्री ९ वाजून २ मिनिटांनी मोबाइलवर संदेश आला: मराठी फॉन्ट नाही, पट्ट्या थांबवल्या. ओळ परत टाकली, डबा पुन्हा बांधला, आणि साडेनऊला चाचणी पट्टी आली. ऱ्य जागेवर होता. मग बाकीच्या सोडल्या.